उंबरठ्याच्या दोन बाजू

आईबापांनी मुलांसाठी किती ठरवावे? मुलाने कोणती भाषा बोलावी, काय खावे, देवाची प्रार्थना कशी करावी, शाळेत किती वर्षे बसावे, हे सारे मूल बोलायला लागण्याआधीच कोणीतरी ठरवून टाकलेले असते. एका देशातून दुसऱ्या देशात संसार हलवलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर हा प्रश्न रोजच भेटतो. पण रोजच्या घाईत त्याच्याकडे नीट पाहायला फुरसत कुणाला? दुसऱ्याच्या घरात थोडे डोकावले, की आपल्या घरातल्या गोष्टी कधी कधी स्पष्ट दिसतात. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात असे एक घर आहे. त्याच्या निमित्ताने सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीकडे आपल्यापैकी अनेकांची नातेवाईक मंडळी आहेत. आलेल्या पाहुण्याला ती जसा नायगारा दाखवतात, तसाच लँकेस्टर परगण्यातील आमिश लोकांचा मुलूखही दाखवतात. लँकेस्टर शहराच्या पूर्वेला, लिंकन हायवे या जुन्या हमरस्त्याला लागून ‘आमिश फार्म अँड हाऊस’ नावाचे ठिकाण आहे. तेथले दगडी घर १८०५ सालचे असून प्रवाशांसाठी ते १९५५ साली खुले झाले. तिकीट काढायचे, आणि माहिती सांगणाऱ्या बाई घोळक्याला घेऊन एकेका खोलीतून फिरवतात. दर्शनी खोलीत पाठ नसलेली लाकडी बाके ओळीने मांडलेली आहेत; कारण आमिश लोकांचे वेगळे प्रार्थनागृह नसते, दर दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते आणि बाके गाडीत घालून त्या घरी नेली जातात. झोपायच्या खोलीत खुंट्यांवर साधे, एकरंगी कपडे टांगलेले दिसतात. लग्न झालेला पुरुष दाढी राखतो, मिशी राखत नाही. बाईच्या अंगरख्याला बटणांऐवजी टाचण्या. सारे नीटनेटके, झाडून पुसून ठेवलेले. फक्त त्या घरात राहत कोणी नाही.

घोळक्यातून पहिला प्रश्न नेहमी एकच येतो: हे लोक वीज का वापरत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयार असते, की हे लोक मागासलेले आहेत किंवा विजेला पाप समजतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आमिश माणूस विजेला पाप म्हणत नाही. सरकारी तारांवरून घरात येणारी वीज तो नाकारतो. पण त्याच्या सुतारशाळेत दाबलेल्या हवेवर यंत्रे चालतात, बॅटरीवर दिवे लागतात, गॅसवर शीतकपाट चालते. मोटार तो बाळगत नाही, पण दुसऱ्याच्या मोटारीत भाडे देऊन बसतो. टेलिफोन घरात ठेवत नाही, पण शेताच्या कडेला एका लाकडी खोपटात तो असतो आणि दोन-चार घरे मिळून वापरतात. लँकेस्टरची मुले सायकल चालवत नाहीत, पायाने ढकलायची दोनचाकी चालवतात.

पाहुण्याला यात विसंगती दिसते आणि तो हसतो. पण थोडा विचार केला तर हसू ओसरते. घरात मोटार आली की मुलगा पन्नास मैलांवर कामाला जातो, शेजारी तुटतो, रविवारी प्रत्येकजण आपापल्या वाटेने निघतो. टेलिफोन घरात आला की जेवताना उठावे लागते. म्हणून एखादी नवी वस्तू आली, की ती चांगली की वाईट एवढे विचारून आमिश थांबत नाहीत. ती आपल्यात काय घडवील, शेजाऱ्याची गरज उरेल की नाही, हे ते विचारतात. साधारण पंचवीस ते चाळीस घरांची एक मंडळी असते. वर्षातून दोनदा, त्यांच्या मोठ्या प्रार्थनाविधीच्या आधी, ही मंडळी आपल्या नियमांविषयी एकमत आहे की नाही ते पाहते. या नियमांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. ते बहुतेक अलिखित असतात, एका मंडळीचे दुसरीला लागू असतीलच असे नाही, आणि काळाबरोबर ते बदलतातही.

आपल्या वाचकांना हे अगदीच परके वाटू नये. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू वाचता येत नव्हते, ग्रंथ हाताशी नव्हते. शमाचे थोडे शब्द, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि आठवड्यातून एक दिवस थांबलेला घाणा, एवढ्यावर समाज टिकला. शब्बाथ तोराने दिला आणि ऑर्डनुंग माणसांनी ठरवला, हा मोठा फरक आहे. तरीही जे हाताशी आहे ते सगळ्यांनी मिळून बाजूला ठेवायचे, ही सवय दोन्हीकडे आहे. शुक्रवारी संध्याकाळी विजेच्या बटणाला हात न लावणाऱ्या घरातील माणसाने आमिश माणसाच्या खोपटातल्या टेलिफोनला हसण्यात अर्थ नाही.

हे लोक आले कोठून, हेही पाहिले पाहिजे. १५२५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात काही ख्रिस्ती लोकांनी असे म्हटले, की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा खरा नव्हे. माणसाने मोठे झाल्यावर समजून उमजून तो घ्यावा. एवढ्यासाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही बाजूंच्या सत्ताधीशांनी त्यांचा छळ केला. कित्येकांना बुडवले, कित्येकांना जाळले. पुढे १६९३ साली याकोब अम्मान याच्या मागे जो गट निघाला, तो आमिश. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात आले, कारण विल्यम पेन याने त्या वसाहतीत धर्मस्वातंत्र्याची हमी दिली होती. जे युरोपात राहिले ते हळूहळू इतरांत मिसळले; तेथली शेवटची आमिश मंडळी १९३७ साली मेनोनाइट मंडळीत विलीन झाली. अमेरिकेत मात्र १९०० च्या सुमारास जे ५-६ हजार होते, ते २०२४ साली ४ लाखांच्या घरात पोहोचले. ते धर्मप्रचार करीत नाहीत, बाहेरचे फारसे कोणी त्यांच्यात येत नाही. घरची मुले घरात राहतात, म्हणूनच ही वाढ.

एक गोष्ट मनाला बोचते. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये कोचीनच्या कडवुंभागम प्रार्थनामंदिराचा अंतर्भाग आणून उभा केला आहे. तो पाहताना डोळे निवतात, पण तेथे ज्यांनी प्रार्थना केली ते लोक इकडे येऊन स्थायिक झाले, मागे राहिले ते लाकडी कोरीवकाम. लँकेस्टरला तसे नाही. तेथे घर प्रदर्शनात आणि त्या घराची माणसे शेजारच्या शेतात, जिवंत. लोक प्रदर्शन पाहून बाहेर पडतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या राखाडी घोडागाडीकडे कॅमेरा रोखतात. मूर्ती करू नये या आज्ञेचा मान म्हणून आमिश लोकांना छायाचित्र काढून घेणे आवडत नाही, हे आत नुकतेच ऐकलेले असते! आपणही कधीकाळी चौकशीचा विषय होतो. १९६२ ते १९६४ या काळात आपल्या विवाहांविषयी रब्बीनेटने ज्या चौकशा लावल्या, त्या अनेक वडीलधाऱ्यांना आठवत असतील. दुसऱ्याच्या जगण्याविषयी प्रश्न विचारायला हरकत नाही. पण उत्तर ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर विचारणे हा अपमान ठरतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्याच आवारात एका खोलीची शाळा आहे. आमिश मुले अशा शाळेत आठ इयत्ता शिकतात. सगळ्या इयत्ता एकाच खोलीत, शिकवणारी बहुधा एक अविवाहित तरुणी, तीही आठवीपर्यंतच शिकलेली. शाळेची भाषा इंग्रजी, घरी पेन्सिल्व्हेनिया डच नावाची जर्मन बोली, प्रार्थनेला जुनी जर्मन. आठवीनंतर शाळा संपते आणि मुलगा शेतात किंवा कारखान्यात, मुलगी घरकामात शिरते.

सरकारला हे मान्य नव्हते. १९६५ साली आयोवा राज्यात अधिकारी आमिश मुलांना बसमध्ये घालून सरकारी शाळेत न्यायला आले, तेव्हा मुले जवळच्या मक्याच्या शेतात पळाली. त्या पळणाऱ्या मुलांचे छायाचित्र देशभर छापले गेले. विस्कॉन्सिन राज्यात सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. तेथे तीन बापांना मुले शाळेत न पाठवल्याबद्दल प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. पाच डॉलर ही रक्कम काही मोठी नव्हती, पण खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमिश लोक सहसा कोर्टाची पायरी चढत नाहीत. त्यांच्या वतीने लढण्यासाठी एका ल्यूथरन धर्मगुरूच्या पुढाकाराने समिती स्थापन झाली होती. १५ मे १९७२ रोजी निकाल लागला: आमिश आईबापांवर आठवीनंतरच्या शाळेची सक्ती करता येणार नाही. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी लिहिले, त्याचा सारांश असा, की हे लोक पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने, कायदा पाळून, सरकारवर भार न होता जगत आले आहेत; दोन वर्षांच्या जादा शाळेने मिळणारा फायदा थोडा आणि त्यांच्या धर्माची होणारी हानी मोठी.

पण न्यायमूर्ती डग्लस यांनी त्या निकालाच्या एका भागाशी असहमती नोंदवली. त्यांचे म्हणणे असे, की येथे आईबाप बोलले, सरकार बोलले, पण ज्याचे आयुष्य त्या मुलाला कोणी विचारले का? त्या मुलांपैकी एकीनेच कोर्टात साक्ष दिली होती. कुणाला पियानो वाजवायचा असेल, कुणाला अंतराळात जायचे असेल, कुणाला समुद्राचा अभ्यास करायचा असेल. आठवीला शाळा सुटली की ती दारे कदाचित कायमची बंद होतात.

बर्गर बरोबर की डग्लस? निकाल लागून अर्धे शतक उलटले, तरी मला हा प्रश्न मिटलेला वाटत नाही.

आमिश लोकांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे मुलगा आठव्या दिवशी करारात येतो; त्याला कोण विचारते? आमिश मूल जन्माने मंडळीचे सभासद होत नाही. सोळाव्या वर्षापासून त्याला बरीच मोकळीक मिळते. या काळाला ते ‘रुमश्प्रिंगा’ म्हणतात. त्या वयात कोणी पँट-शर्ट घालून शहरात हिंडतो, कोणी मोटारही घेतो, आणि आईबाप बरेचसे पाहून न पाहिल्यासारखे करतात. मग अठरा ते बावीसच्या सुमारास तो बाप्तिस्मा घ्यायचा की नाही ते ठरवतो. बाप्तिस्मा घेऊन मग नियम मोडून निघून गेला, तर त्याला वाळीत टाकतात. पण बाप्तिस्मा न घेताच गेला, तर त्याच्यावर बहिष्कार नसतो. शंभरांतील सुमारे ८५ जण राहतात.

आणि त्या एका खोलीत मुले काय शिकतात, हे फक्त पुस्तकांवरून मोजता येत नाही. २ ऑक्टोबर २००६ रोजी याच लँकेस्टर परगण्यात, निकेल माइन्स येथील आमिश शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली मेल्या आणि त्याने स्वतःलाही संपवले. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या विधवेच्या घरी सांत्वनाला गेले. त्याच्या दफनाला आलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिश होते. ज्यांच्या मुली गेल्या त्यांचे दुःख त्यामुळे कमी झाले असे मी म्हणणार नाही. तथापि असे वागणे कोणी ऐन वेळी सुचून करीत नाही. लहानपणापासून अंगी मुरलेले असावे लागते. कोणत्या विद्यापीठात याची पदवी मिळते?

इतके असूनही डग्लस यांचा प्रश्न मला सोडत नाही. समजा, वीस वर्षांच्या आमिश तरुणाने जायचे ठरवले. हाती आठवीचे शिक्षण. ज्या नोकरीसाठी कागद लागतो ती त्याला मिळत नाही. ओळखीचे सगळे कुंपणाच्या आत. बाहेर पडलेल्या कित्येकांना वीस-बाविसाव्या वर्षी शाळेच्या परीक्षेला बसावे लागले आहे. म्हणजे दार उघडे आहे खरे, पण बाहेरच्या बाजूला पायरी नाही. राहणाऱ्या ८५ जणांपैकी किती जण मनापासून राहिले आणि किती जण पायरी नाही म्हणून राहिले, हे बाहेरच्या माणसाने कसे सांगावे? शिवाय बंद समाजात एखाद्या मुलीवर वा बाईवर अन्याय झाला, तर तो चार भिंतींतच मिटवण्याकडे कल असतो. अशी प्रकरणे तेथील कोर्टांपुढेही आली आहेत. वाळीत टाकण्याची दहशत काय असते हे रायगड जिल्ह्यातून आलेल्यांना सांगायला नको. महाराष्ट्राने तर २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदाच केला.

तेव्हा माझ्यापुरता मी हा निष्कर्ष काढला आहे. आईबाप मुलासाठी ठरवणारच. न ठरवणे हेही एक ठरवणेच असते, फक्त ते शेजारी, शाळा आणि बाजार यांच्यावर सोपवलेले असते. आईबापांनी ठरवू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचे ते एवढेच: आपण जे ठरवले त्यामुळे मुलाला उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडता येतो का? बाहेर जाऊन तो स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो का? आणि उद्या त्याला घरी परत यावेसे वाटले, तर येता येईल का?

आमिश आईबाप पहिल्या प्रश्नात कमी पडतात, असे माझे मत आहे. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण देऊ शकतो का?

आपण शाळेचे दार सताड उघडले आणि ते योग्यच केले. डिमोना, अश्दोद, लोद येथे आलेल्या पहिल्या पिढीने कारखान्यांत घाम गाळला, तो मुलांनी इंजिनियर, परिचारिका, शिक्षक व्हावे म्हणून. त्याबद्दल कुणाला वाईट वाटायचे कारण नाही. पण त्या गडबडीत घराकडे परतण्याची वाट झाडाझुडपांनी भरून गेली, आणि तसे व्हावे असे कोणी ठरवलेही नव्हते. आजी मराठीत बोलते, नातू हिब्रूत उत्तर देतो. दोघांचे प्रेम आहे, पण बोलणे ‘जेवलास का’ याच्या पुढे जात नाही. रोश हशानाला चिकाचा हलवा आवडीने खातो, पण तो आजीने कोणाकडून शिकला हे विचारायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. मलिद्याचे ताट हातोहात फिरते. मराठी कीर्तन लागले की तरुण मुले उठून अंगणात जातात. त्यांना कंटाळा येतो असे आपण म्हणतो. खरे कारण हे, की त्यांना ते कळत नाही. आमिश मुलाला आठवीत तीन भाषा येतात आणि आपल्या पदवीधर मुलाला आजीची एक भाषा येत नाही, हे ऐकायला कडू आहे.

यावर कोणी म्हणेल, आपण आपल्या देशात आलो, हिब्रू ही आपलीच भाषा, मराठी गेली तर काय बिघडले? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळेच जपता येत नाही, आणि सगळेच जपण्यासारखे असते असेही नाही. माझे म्हणणे इतकेच, की टाकायचे असेल तर हातात घेऊन, पाहून टाकावे. मुलाला मराठी, कीर्तन, मलिदा द्यावा, आणि मग मोठेपणी त्याने नको म्हटले तर ते त्याचे स्वातंत्र्य. जे त्याला दिलेच नाही ते त्याने नाकारले असे कसे म्हणता येईल?

आमिश लोकांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्यात टेलिफोन खोपटात ठेवणारे घर एकटे नसते. चाळीस घरे मिळून ठेवतात, म्हणून ते जमते. आपल्याकडे एखादी आई एकटीच हट्ट धरते, की घरात मराठी बोलायचे. दोन वर्षे झगडते आणि थकते, कारण शेजारच्या बेने इस्राएल घरात कोणी बोलत नाही. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशनंतर जेवण संपेपर्यंत मराठीत बोलायचे, एवढा एकच नियम दहा घरांनी मिळून केला तर? त्यासाठी मंडळाची सभा नको, ठराव नको, वर्गणी नको. मुले पहिले काही आठवडे हसतील, चुका करतील, हिब्रू शब्द घुसडतील. घुसडू द्यावेत. आपल्या आजोबांच्या मराठीतही हिब्रू शब्द होतेच.

हा नियम कोणावर लादायचा नाही, आणि न पाळणाऱ्याला नावेही ठेवायची नाहीत. ज्या वाचकांना हे पटेल त्यांनी येत्या शब्बाथच्या आधी शेजारच्या एका घरी जाऊन विचारून तरी पाहावे.